केळीत डोपामिन, डोक्यात वायर!

बऱ्हाणपुरात केळीला तोटा नाही. मृगबाग झाली की कांदेबाग, आणि रस्त्याला लागावं तर पुढे केळीचाच ट्रक. पण याच केळीत एक असं रसायन आहे, ज्याच्या टंचाईमुळे माणसाचा हात थरथरू लागतो, पाऊल उचलेनासं होतं, चेहरा मख्ख दिसतो. रसायन डोपामिन, आजार पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. त्यावर औषध शोधणाऱ्यांचं डोकं मात्र एका कोड्यात अडकलं: मेंदूच्या वेशीतून आत शिरायचं कसं?

सालीत खजिना, कामाचा शून्य
२००० साली जपानी संशोधकांनी कॅव्हेंडिश केळी तपासली. आपली ‘जी-नाईन’ म्हणजे ग्रँड नैन त्याच कुळातली. १०० ग्रॅम सालीत ८० ते ५६० मिलिग्रॅम डोपामिन निघालं, गरात अडीच ते दहा. म्हणजे माल सगळा सालीत! पण म्हणून साली चावत बसू नका. मेंदूची वेस म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी चिवट, की रक्तातलं डोपामिन ती आत घेतच नाही. घडच्या घड संपवले तरी हाताची थरथर जशीच्या तशी.

खाजकुयलीला मात्र प्रवेश
अंगाला लागली की माणसाला नाचवणारी खाजकुयली. तिच्या बियांना बाजारात कौंच बीज म्हणतात. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला. लेव्होडोपा म्हणजे डोपामिनचं कच्चं रूप. हा वेस ओलांडतो आणि आत गेल्यावर डोपामिन बनतो. त्याआधी १९१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या गुगेनहाइम या रसायनज्ञाने तो बाकल्याच्या शेंगांतून काढला होता. परिणाम बघावा म्हणून अडीच ग्रॅम गिळला आणि उलट्यांनी बेजार झाला!

पुढे मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कौंच बीज पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. १९९५ मध्ये याच बियांच्या ‘एचपी-२००’ या चूर्णाची ६० रुग्णांवरची चाचणीही प्रसिद्ध झाली. तरी ऐकीव माहितीवर घरी चूर्ण सुरू करायचं नाही. पार्किन्सनच्या गोळीत लेव्होडोपा, चूर्णातही लेव्होडोपा, म्हणजे डोस दुहेरी.

‘११०’ चं गणित
औषधाच्या दुकानात ‘सिंडोपा ११०’ मागतात. हा आकडा आला कुठून? १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा अधिक १० मिलिग्रॅम कार्बिडोपा. एकटा लेव्होडोपा वाटेतच, शरीरात, डोपामिन होऊन बसतो, मग मळमळ आणि उलट्या. कार्बिडोपा ही वाटेतली नासाडी थांबवतो. गंमत म्हणजे कार्बिडोपाला स्वतःला मेंदूत प्रवेश नाही. त्याची नोकरी वेशीबाहेरची, आणि म्हणूनच तो उपयोगी.

गोळी आधी, जिलेबी मागाहून
बऱ्हाणपूरची मावा जिलेबी खायची असेल तर घड्याळ बघा. मावा म्हणजे आटवलेलं दूध, म्हणजे प्रथिनं. प्रथिनांतून सुटणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि मेंदूच्या वेशीतून एकाच दाराने जातात. गर्दी झाली की गोळी रांगेत मागे पडते. म्हणून डॉक्टर सांगतात, गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. डाळ, पनीर, अंडी, सगळ्यांना हाच नियम.

सर्पगंधा आणि गळून पडलेले ससे
सर्पगंधा रक्तदाबावर चालते, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडलं. तिच्यातलं रेसर्पिन १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना टोचलं. मेंदूतलं डोपामिन आटलं, ससे कान पाडून निपचित. मग लेव्होडोपा दिला, आणि थोड्याच वेळात तेच ससे ताजेतवाने! डोपामिनवाचून हालचाल नाही, हे तिथे कळलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

फ्लूची गोळी, भलताच गुण
१९६८ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनच्या एका रुग्ण बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून अमँटाडिन घेतलं. फ्लूचं राहिलं बाजूला, अंगाचा ताठरपणा आणि थरथर कमी झाली. गोळी बंद केली, त्रास परत. बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, आणि औषधाला दुसरा जन्म मिळाला. आजही ते दिलं जातं.

महाग पाणी जास्त गुणकारी
२०१५ मध्ये अमेरिकेतल्या १२ रुग्णांना दोन इंजेक्शनं दिली. एक १०० डॉलरचं, दुसरं १५०० डॉलरचं, असं सांगून. दोन्हींत निव्वळ मिठाचं पाणी! तरी ‘महागड्या’ इंजेक्शनाने हालचाल जास्त सुधारली. गुण येणार ही आशाच मेंदूला स्वतःचं डोपामिन सोडायला लावते, हे २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं होतं. म्हणून तर चाचण्यांत खऱ्या औषधासमोर लुटुपुटीचं औषध ठेवावं लागतं.

वेशीची कटकटच नको
फ्रान्समधल्या ग्रनोबलचे सर्जन अलीम-लुई बेनाबिद १९८७ मध्ये थरथरीवर मेंदूतला ठिपका जाळण्याची शस्त्रक्रिया करत होते. जागा बरोबर आहे का, हे आधी विजेने चाचपायचं. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले आणि थरथर थांबली. मग जाळायचं कशाला? वायर तिथेच ठेवली. आज छातीच्या कातडीखाली बॅटरी, मानेतून वर गेलेली वायर आणि सेकंदाला साधारण १३० ठोके. याला म्हणतात डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस.

ऑपरेशन टेबलावरची जिलेबी
मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून बऱ्याचदा डोक्याच्या कातडीपुरतीच भूल देतात आणि पेशंट जागा असतो. त्याला बोट नाकाला लावायला सांगतात, कागदावर गोल गोल चक्र काढायला लावतात. करंट नसताना वेडीवाकडी जिलेबी, करंट सुरू झाला की रेघ नीट वळण घेते. २०१७ मध्ये बंगळुरूत एका वादकाची बोटं आखडायची. जाळण्याच्या जुन्या रीतीने त्याच्या मेंदूतला ठिपका जाळताना तो टेबलावर चक्क गिटार वाजवत होता.

गोळी की करंट?
दोन्ही! जर्मनी आणि फ्रान्समध्ये २५१ रुग्णांवर दोन वर्षं चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. नुसत्या औषधांवर असलेल्यांचं रोजचं जगणं होतं तिथेच राहिलं. औषध अधिक करंटवाल्यांचं २६ टक्क्यांनी सुधारलं, औषधाची मात्राही ३९ टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी दोन दशकांहून अधिक काळ ही शस्त्रक्रिया करत आले आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने मेंदूचे संकेत ऐकून करंट आपोआप कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला मंजुरी दिली.

पण वायरने आजार मुळातून जात नाही आणि ती सगळ्यांना चालतही नाही. कोणाला चालेल, हे ठरवायची रीत झकास आहे. रात्रीपासून औषध बंद, सकाळी हालचालीचे गुण मोजायचे, मग लेव्होडोपाची गोळी देऊन पुन्हा मोजायचे. थरथरीचा अपवाद सोडला, तर ज्याला गोळीने गुण येतो त्यालाच सहसा वायरनेही येतो. लाखोंच्या यंत्राची प्रवेश परीक्षा घेते ती काही रुपयांची गोळी!