एका चित्रपटगीतातील नगरजीवन व शब्दयोजना

'सी. आय. डी.' या १९५६ सालच्या चित्रपटात मजरूह सुलतानपुरी यांनी रचलेले, ओ. पी. नय्यर यांनी स्वरबद्ध केलेले आणि महंमद रफी व गीता दत्त यांनी गायिलेले मुंबईविषयक एक प्रसिद्ध द्वंद्वगीत आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि नांदेडची, तसेच तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या लातूरची, राजधानी मुंबई झाली. जेथे ट्राम कधी धावलीच नाही, तेथील श्रोत्यासही हे गीत आपले का वाटावे, हा प्रश्न भाषाभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे.

गीताच्या आरंभी बिल्डिंग, ट्राम, मोटर, मिल अशी नामे 'कहीं' या अव्ययाच्या पुनरुक्तीने एकापुढे एक मांडली आहेत. या मांडणीत क्रियापद नाही. म्हणून कर्ताही नाही. वस्तू शेजारी उभ्या आहेत, पण त्यांचा परस्परांशी संबंध नाही. नगरात माणुसकी सापडत नाही ही तक्रार अर्थातून येण्यापूर्वीच वाक्यरचनेतून व्यक्त होते.

'मिल' या शब्दावरील श्लेष येथे लक्षणीय आहे. कारखानावाचक आगंतुक नाम आणि 'लाभणे' या अर्थाचा हिंदी धातू यांचा उच्चार एकच. 'गिरणी' हा प्रतिशब्द योजल्यास हा श्लेष नाहीसा होतो. परंतु उस्मानशाही मिलच्या नांदेडात दखनी सतत कानांवर पडत असल्याने तेथील श्रोत्यास भाषांतराची गरज भासत नाही.

गीताचा मर्मभाग नामकरणाविषयी आहे. निराश्रितास दूषण देणारा शब्द मिळतो, तर दुसऱ्यास नागविणाऱ्याच्या कृत्यास 'बिझनेस' हे प्रतिष्ठित नाव लाभते. कृती कोणती यापेक्षा ती कोणाची यावरून शब्द ठरतो. सट्टा कोणता व व्यापार कोणता, हा मोंढ्यातील प्रश्नही याच जातीचा होय.

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्याही लयास गेल्या. नामे इतिहासजमा झाली, पण रचना टिकली. ट्रामच्या जागी नांदेडचा 'ऑटो' किंवा लातूरचा 'क्लास' घातला, तरी ती मोडत नाही. शेवटी स्त्रीस्वर 'मुश्किल'च्या जागी 'आसाँ' हे एकच विशेषण योजून तक्रारीचा संवाद करतो. गीत नगरजीवनाचा पुरावा म्हणून वापरावयाचे असेल, तर त्यातील वस्तूंच्या यादीइतकेच त्या यादीच्या व्याकरणाकडेही पाहिले पाहिजे.