मागच्या खोलीतली रेंज

फायबरची जोडणी द्यायला आलेला माणूस राउटरचा डबा बहुतेक वेळा मुख्य दाराजवळ लावतो. वायर जिन्यातून तिथवर आलेली असते, भोक पाडायला तीच भिंत सोयीची असते आणि त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार घरे उरकायची असतात. हॉलमधला टीव्ही त्यामुळे झकास चालतो. मागच्या बेडरूममध्ये दार लावून मीटिंगला बसलेल्या मुलीचा आवाज मात्र तुटत राहतो. दोन दिवसांत घरात एकमत होते, की राउटर फालतू आहे, मोठा आणला पाहिजे. दिवाळीच्या सेलमध्ये मग सहा अँटेनांचा काळाकुळकुळीत राउटर सहा-सात हजारांना येतो, त्याच दाराजवळ बसतो आणि मागच्या खोलीत फारसे काही बदलत नाही.

हे पैसे वाचवता येतात. त्यासाठी खरेदीआधी पाच मिनिटांची एक चाचणी करावी. फोन घेऊन राउटरपासून पाच-सहा फुटांवर उभे राहायचे आणि वेग मोजायचा, मग अडचणीच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजायचा. राउटरजवळ वेग पुरेपूर आणि खोलीत मरतुकडा असेल, तर दोष जागेचा आणि भिंतींचा. राउटरजवळही वेग कमीच असेल, तर दोष जोडणीचा, वायरीचा किंवा डब्याचा. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत.

आधी भिंतींचे. घरगुती वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण वेग कमी देतात. दुसऱ्याच्या वेगवान, पण दोन भिंतींत दमतात. पुण्यातल्या जुन्या वाड्याची जाडजूड भिंत असो, कोकणातल्या घराची चिऱ्याची असो किंवा नव्या इमारतीतली सळयांनी भरलेली काँक्रीटची, ५ गिगाहर्ट्झचा कस तिथेच लागतो. धातू आणि पाणी तर दोन्ही लहरींना अडवतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्यामागे ठेवलेला राउटर म्हणजे तोंडावर हात धरून बोलणारा माणूस. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्यामुळे जेवण गरम होत असताना स्वयंपाकघरातला व्हिडिओ अडखळला तर नवल नाही.

जास्त अँटेना म्हणजे जास्त रेंज, हा समज दुकानांनी जोपासलेला आहे. वायफाय हे दुतर्फा संभाषण आहे. राउटर कितीही मोठ्याने बोलला, तरी फोनला त्याच्या इवल्याशा अँटेनातून उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर राउटरपर्यंत पोचले नाही तर संभाषण तुटते. म्हणून रेंज वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर आणणे. टीव्हीच्या मागे लपवलेला राउटर दिसायला बरा, पण कामाला वाईट.

शेजाऱ्यांचाही यात वाटा असतो. ठाण्या-मुंबईच्या एखाद्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची यादी उघडली, की शेजारपाजारची वीस-पंचवीस नावे सहज दिसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सारी इमारत त्या तीन वाटांवर दाटीवाटीने चाललेली असते आणि एकाचे बोलणे होईपर्यंत बाकीचे थांबतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. भारतात २.४ चा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना वापरासाठी मोकळा झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा विस्तार ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणून आज केवळ २.४ वर चालणारा राउटर शहरातल्या फ्लॅटसाठी घेऊ नये. ‘एन ३००’ असे लिहिलेले हजार रुपयांच्या आसपासचे डबे याच जातीचे. डी-लिंकचा डीआयआर-६१५ हा भारतात घरोघरी दिसलेला राउटर त्यातलाच. त्याने आपल्या काळात चोख काम केले, पण तो काळ गेला.

आता खोक्यावरचे आकडे. ‘एसी १२००’ वाचून १२०० मेगाबिट वेग मिळेल असे वाटते. प्रत्यक्षात ती दोन पट्ट्यांची बेरीज आहे, २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. फोन साधारणपणे एका वेळी एकाच पट्टीवर असतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या काही उपयोगाची नाही. शिवाय हवेतला वेळ सगळ्यांत वाटला जात असल्याने लिहिलेल्या वेगाच्या साधारण निम्मा हाती लागला तरी समाधान मानावे. ‘एएक्स १५००’ म्हणजे वायफाय ६, तिथे ही बेरीज ३०० आणि १२०१ अशी.

खोक्यावर बारीक अक्षरांत असते ती खरी महत्त्वाची ओळ, पोर्टची. राउटरच्या पाठीवर वायर खुपसायची जी भोके असतात ती दोन प्रकारची येतात, १०० मेगाबिटची आणि गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची. दिसायला दोन्ही सारखी. टीपी-लिंकचे आर्चर सी ५० आणि आर्चर सी ६ हे दोन राउटर शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींवर ‘एसी १२००’ लिहिलेले, दोन्हींना अँटेनांची रांग, किमतीत थोडाच फरक. पण सी ५० चे पोर्ट १०० मेगाबिटचे आणि सी ६ चे गिगाबिट. महिन्याला २०० मेगाबिटचे पैसे भरणाऱ्या घरात सी ५० लावला, तर अर्धा वेग दारातच अडतो. हवेत ८६७ ची वाट असून उपयोग काय, घरात येणारी नळीच शंभराची!

हा दोष ओळखायची एक खूण आहे. वेग कधीही मोजा, आकडा ९३, ९४, ९५ च्या आसपास येऊन थबकतो. शंभराच्या पोर्टमधून माहितीच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता साधारण ९४ उरतात. सकाळ-संध्याकाळ हाच आकडा ठाम दिसत असेल, तर इंटरनेट कंपनीला फोन करण्याआधी वायर पाहावी. कारण गिगाबिटला वायरीतल्या तारांच्या चारही जोड्या लागतात आणि शंभराला दोनच पुरतात. टोकाच्या प्लास्टिकच्या पिनमध्ये एक तार नीट बसली नसेल, तर चांगल्यातला चांगला राउटरही मुकाट्याने शंभरावर उतरतो. अशा वेळी ती काढून चांगली तयार पॅचकॉर्ड लावली की काम होते. नवा राउटर लागतच नाही.

याउलट, ज्यांची योजनाच ५० किंवा १०० मेगाबिटची आहे त्यांनी गिगाबिटसाठी जीव टाकू नये. नेटफ्लिक्स फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग सुचवते, फुल एचडीसाठी ५. चार माणसांच्या घराला शंभर मेगाबिट भरपूर होतात, फक्त ते मागच्या खोलीपर्यंत पोचले पाहिजेत.

आणखी एक चूक टाळण्यासारखी. टेलिफोनची बारीक पिन बसणारा एडीएसएल मोडेम-राउटर फायबरच्या ग्राहकाला निरुपयोगी आहे. फायबरची काचेची तार ज्या डब्यात येते तो ओएनटी कंपनीचाच ठेवावा लागतो आणि नवा राउटर त्यापुढे वायरीने जोडायचा. पुष्कळ ओएनटींत वायफायही असते, कधी दोन्ही पट्ट्यांचे. तसे असेल तर दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे वायरीने आलेले इंटरनेट फक्त वायफायने पुढे देणारा डबा म्हणून, मागच्या खोलीजवळ बसवावा. मधली वायर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची घ्यावी, ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहते आणि घरापुरती काही शे रुपयांत येते. दिवाळीआधी घराला रंग निघतो तेव्हा ही वायर पट्टीतून किंवा भिंतीतल्या रिकाम्या पाइपमधून ओढून घ्यावी. त्या काही शे रुपयांनी जे साधते ते नुसत्या रिपीटरने साधत नाही, कारण साधा रिपीटर त्याच हवेत ऐकतो आणि त्याच हवेत पुन्हा बोलतो, त्यात वेग निम्म्यावर येतो.

तेव्हा बेताच्या बजेटात निवड काय करावी? दोन्ही पट्ट्या, गिगाबिट पोर्ट आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायची सोय, एवढे असलेला राउटर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो आणि दोन-तीन खोल्यांच्या घराला तो पुरतो. घरात फोन, टीव्ही, कॅमेरे मिळून पंधरा-वीस उपकरणे असतील, तर थोडे जास्त मोजून वायफाय ६ घ्यावे. २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेले हे तंत्र गर्दीतल्या अनेक उपकरणांना एकाच फेरीत थोडे-थोडे वाढून मोकळे करते. वायफाय ७ साठी या बजेटात हट्ट धरण्याचे कारण नाही.

स्वस्ताईची एक किंमत मात्र कधीच मोजू नये, ती सुरक्षेची. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेली साठेक नाव-पासवर्डांची यादी आळीपाळीने वापरून. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्याच फौजेच्या हल्ल्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अडखळले. म्हणून राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बटण दाबून किंवा पिन टाकून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवावी. तिचा आठ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे तो शोधायला जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. खरेदीआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे शेवटचे अपडेट कधीचे आहे ते पाहावे. दोन-तीन वर्षे अपडेट नसलेला राउटर फुकट मिळाला तरी नको.

आणि महाराष्ट्रातल्या घरांसाठी शेवटची खरेदी, छोटा यूपीएस. घरोघरच्या फायबरच्या जाळ्यात एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारे यंत्र सहसा नसते, त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी तारेतून प्रकाश येतच राहतो, बंद पडतात ते घरातले डबे. १२ व्होल्टचा हा छोटा डबा घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते पाहावे, आणि ओएनटी व राउटर दोन्ही त्याला जोडावेत. एकटा राउटर जोडला, तर अंधारात फोनवर वायफायचे चिन्ह दिसते, पण इंटरनेट येत नाही.