शेवाळ आणि शेवाळाचा तोतया

ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. चार लाखांहून अधिक माणसे जवळजवळ तीन दिवस बाटलीच्या पाण्यावर राहिली. पाणी उकळूनही उपयोग नव्हता, उलट उकळल्याने त्यातले विष अधिकच दाट होते. ईरी तलावावर हिरवा थर पसरला होता. सगळ्यांनी त्याला शेवाळ म्हटले. पण मुलांनो, ते खरे शेवाळ नव्हतेच!

खऱ्या शेवाळाची घराणी पुष्कळ. हिरवे शेवाळ म्हणजे झाडांचे जवळचे नातेवाईक. तांबड्याची ओळख स्वयंपाकघरात आहे: पुडिंगसाठी आणतो ते चायनाग्रास तांबड्या शेवाळापासूनच काढतात. सुशीभोवतीचा काळपट कागदही त्याच घराण्यातला. तपकिरी शेवाळात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे केल्प येते. ते शंभर फुटांहूनही लांब वाढते. डायटम मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावेत. प्रत्येकाला काचेसारखी नक्षीदार डबी असते. (आमच्या मते सर्वांत देखणे हेच.)

या सर्वांच्या पेशीत केंद्रक असते, आणि हरितद्रव्य हरितलवक नावाच्या वेगळ्या पिशवीत असते. सायनोबॅक्टेरियात या दोन्ही गोष्टी नाहीत. आम्ही शाळेत ज्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणत होतो, तो हाच. पण हा जिवाणू आहे. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर शेवाळाचा मूळ प्रोग्रॅम कुलूपबंद खोलीत असतो, याचा दिवाणखान्यातच पसरलेला. तरी उन्हातून अन्न तयार करण्यात हा पटाईत. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला, तो याच्यामुळे.

खरी गंमत पुढेच आहे. फार पूर्वी एका मोठ्या पेशीने असा एक जिवाणू गिळला, पण पचवला नाही. त्याचे वंशज म्हणजे आजची हरितलवके. लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये हे ठासून मांडले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. आता ते पाठ्यपुस्तकात आहे. म्हणजे ज्याला आम्ही तोतया म्हटले, तोच शेवाळाचा पणजोबा निघाला!

सगळेच सायनोबॅक्टेरिया विषारी नसतात. भातखाचरात काही जाती हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. लोणारच्या खाऱ्या सरोवरात स्पिरुलिना वाढते. ईरीत मात्र मॉमी नदीतून शेतखतांतले फॉस्फरस येते, आणि त्यावर उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिस नावाची जात माजते. तिचे विष यकृतावर घाव घालते.

तलावावर ओळखायचे कसे? आईबाबांना बरोबर घ्या, हातमोजे घाला आणि एक काठी बुडवा. केसांसारखे धागे लोंबले तर बहुधा खरे शेवाळ. काठी हिरव्या रंगात बुडवल्यासारखी निघाली तर संशय घ्यावा. बरणीत पाणी भरून रात्रभर ठेवले तरी कळते. मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेचे फुगे असतात, त्यामुळे वर हिरवे कडे जमते. खरे शेवाळ बहुधा तळाशी बसते. विष आहे की नाही, हे मात्र बरणी सांगत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. म्हणून काठावरची पाटी वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि कुत्रा बरोबर असेल तर त्याला ते पाणी चाटू देऊ नका.