खणात न बसणारे ज्ञानेश्वरराव

सकाळी सहा

उद्या येळवस. लातूर-धाराशिवच्या पट्ट्याबाहेर ही मार्गशीर्षातली अमावस्या फारशी कुणाला ठाऊक नसते. आमच्याकडे मात्र त्या दिवशी सगळं गाव शेतात आणि गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही. त्यामुळे हाती घेतलेलं काम आज संपलंच पाहिजे. उद्या मी कडब्याच्या कोपीपाशी भज्जी खात असणार, आणि तिथं फोनला रेंज नसते हे पुण्याच्या मंडळींना मी गेल्या आठवड्यातच सांगून ठेवलंय.

आई केव्हाच उठलीय. आंबिलीचं ताक, भज्जीसाठी तुरीचे-वालाचे सोलाणे, बाजरीच्या उंड्यांचं पीठ अशी तिची गडबड चालू आहे. खाली भांड्यांचा आवाज, म्हणून मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर बसतो. आमच्या औशाचा किल्ला भुईकोट. डोंगरी किल्ल्यासारखा लांबून मिरवत नाही, जवळ गेल्यावरच त्याचा खंदक आणि तट कळतो. मी तपासतो ती लायब्ररीही काहीशी तशीच आहे.

सी भाषेत लिहिलेली चार-साडेचार हजार ओळींची ही लायब्ररी. देवनागरी मजकूर मोजायचा, जागेत बसेल असा कापायचा आणि दोन मजकूर सारखे आहेत का ते सांगायचं, एवढंच तिचं काम. अडतीवर हिशेबपट्टी छापणाऱ्या छोट्या यंत्रांत ती बसते. लिहितात पुण्याची मंडळी, तपासतो मी. आईच्या मते दुसऱ्याच्या लिहिण्यात खोड्या काढायच्या आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा.

साडेसात

पहिला पॅच, म्हणजे लायब्ररीत सुचवलेला बदल. निलंग्याची एक मुलगी पुण्यात बसून हे काम करते. हुशार आहे, भरभर लिहिते, आणि भरभर लिहिणाऱ्यांचं होतं तेच तिचं झालंय. शेतकऱ्याच्या नावासाठी तिनं ३२ बाइटांचा खण ठेवलाय आणि त्यात नाव भरायला स्ट्रएनकॉपी वापरलंय.

३२ हा आकडा इंग्रजीसाठी ऐसपैस आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, प्रत्येकाचे वेगळे तीन. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्याला एक बाइट सोडला की उरले ३१, म्हणजे दहा चिन्हं आणि वर एक बाइट. आता ‘ज्ञानेश्वर’ मोजा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. बरोबर दहा, तीस बाइट. ज्ञानेश्वर बसला. ज्ञानेश्वरराव बसत नाहीत. त्यांच्या ‘राव’मधल्या र चा पहिला बाइट तेवढा आत येतो, बाकीचे दोन बाहेर राहतात, आणि पट्टीवर नावाच्या शेपटीला काळा चौकोन छापून येतो. आडनावाचं तर नावच काढू नका.

स्ट्रएनकॉपीला दोष देण्यात अर्थ नाही. जुन्या युनिक्समध्ये फायलीचं नाव १४ बाइटांच्या ठरावीक खणात भरायचं असे, त्या कामासाठी हे फंक्शन होतं. खण पूर्ण भरला तर शेवटी शून्य घालायचं नाही, हे तिथं चालून जायचं. पुढं नावातलं ‘कॉपी’ बघून लोकांनी ते सगळीकडे वापरलं. नाव चुकीची आशा लावतं, एवढाच त्याचा अपराध. पर्याय म्हणून ओपनबीएसडीनं १९९८ साली स्ट्रएलकॉपी आणलं. ते लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, ग्लिबसीत, यायला ऑगस्ट २०२३ उजाडलं, मधली पंचवीस वर्षं वाद चालला. अर्थात तेही शेवटचं शून्य घालेल, पण कापेल बाइटावरच. ज्ञानेश्वररावांना त्याचा उपयोग नाही.

मी शेरा लिहितो: ‘कापायचंच असेल तर अक्षराच्या सीमेवर काप, आणि कापलं हे बोलावणाऱ्याला कळू दे.’

नऊ

आई वर आली. शेजारच्या काकूंनी मोठं पातेलं मागून नेलंय, तिला ते खिरीला लागणार. पातेल्यावर आजोबांचं नाव घातलेलं आहे, म्हणून हरवायची भीती नाही. पण कुणी आणायला जायचं, का त्या आणून देणार?

मला हसू आलं, कारण दुसऱ्या पॅचमध्ये हाच घोळ आहे. फंक्शन कापलेलं नाव परत देतं. ते नाव ठेवायला मेमरी मागून घेतली फंक्शननं, आणि ती परत करायची कुणी याबद्दल हेडरमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांना दिलेल्या फंक्शनांच्या यादीत, अक्षर नाही. दोघांनाही वाटलं दुसरा करील, तर पातेली बाहेरच राहतात; दिवसभर चालणाऱ्या यंत्राची मेमरी संध्याकाळपर्यंत संपते. दोघांनीही परत केलं तर त्याहून वाईट. एकच पातेलं दोनदा जमा झाल्यावर हिशेबाची वही जी बिघडते, ती कुठल्या पानावर बिघडली ते शोधता शोधता आठवडा जातो.

माझं मत ठरलेलं आहे. लहान लायब्ररीनं पातेली वाटूच नयेत. ज्याला न्यायचंय त्यानं आपलं भांडं आणावं, आम्ही त्यात भरून देऊ, आणि भांडं लहान पडलं तर किती मोठं लागेल ते सांगू. सी९९ मधलं एसएनप्रिंटएफ नेमकं हेच करतं: जागा पुरली नाही तरी पूर्ण मजकुराला किती बाइट लागले असते, तो आकडा परत देतं. उलट बाजूनंही चांगली उदाहरणं आहेत. जगभरच्या पडद्यांवर देवनागरी जुळवून दाखवणारी हार्फबझ लायब्ररी बफर मागितला की स्वतः बनवून देते, आणि मेमरी नसेल तरी रिकामा हात दाखवत नाही. निरुपयोगी पण निरुपद्रवी असा बफर देते. मोठ्या घरचा कारभार. आमच्या अडीच खोल्यांच्या लायब्ररीला तो झेपणार नाही.

आईला म्हटलं, “काकू आणून देतील.” ती म्हणाली, “देतील नव्हं, जाऊन आण.”

साडेदहा

लाइट गेली. इन्व्हर्टरवर राउटर तेवढा ठेवला.

अकरा

लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर पहिल्या पॅचचा बिल्ड करून बघितला. माझ्याकडे सगळ्या टेस्ट पडल्या. तिच्याकडे सगळ्या पास. फोन लावला.

“सर, माझ्याकडं चाललंय की हो.”

“तू कशावर चालवलंस?”

“यंत्रातला बोर्डच आहे माझ्याकडं. एआरएमचा.”

मग उलगडलं. तिनं प्रत्येक बाइट १२८ पेक्षा लहान आहे का ते बघितलंय: लहान असेल तर इंग्रजी, नसेल तर देवनागरी. विचार बरोबर. पण सी भाषेत साधा ‘कॅर’ ऋण धरायचा की नाही, हे भाषेनं कंपायलरवर सोडलंय. देवनागरीच्या प्रत्येक तिकडीतला पहिला बाइट २२४. एआरएमच्या लिनक्सवर तो २२४ च राहतो. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर तोच −३२ होतो, आणि −३२ हा १२८ पेक्षा केव्हाही लहानच. म्हणजे माझ्या यंत्राच्या मते सगळी मराठी इंग्रजी ठरली. एका शब्दाची दुरुस्ती: ‘कॅर’च्या आधी ‘अनसाइन्ड’. चाळीस मिनिटं गेली, पण तिच्या आवाजावरून वाटलं की ही चूक ती पुन्हा करणार नाही. मी स्वतः तीनदा केलीय.

तेवढ्यात फोर्टिफाय-सोर्सची तिसरी पातळी लावून दुसरा पॅच चालवला. जागेचा आकार चालू प्रोग्राममध्येच कळत असेल तेव्हाही बाहेर लिहिणारा हात धरायचा, हे या पातळीचं काम. जीसीसी १२ या कंपायलरपासून, म्हणजे २०२२ पासून ती मिळते, आणि त्यामागे ग्लिबसीचे एक देखभालकर्ते सिद्धेश पोयरेकर यांचं मोठं काम आहे. कंपायलरच्या बदलांच्या यादीत पोयरेकर हे आडनाव वाचताना औशाच्या गच्चीवर बरं वाटतं, हे कबूल करतो. प्रोग्राम बफर ओव्हरफ्लोची ओरड करून जागीच थांबला. एका बाइटानं बाहेर. शेवटच्या शून्याची जागा मोजायची राहिली होती.

दुपारी दीड

भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. लाइट आली. पातेलं आणलं.

अडीच

आता खरं काम. सकाळपासून पाहिल्या त्या चुका. चूक आज दिसली, उद्या दुरुस्त. हेडरमध्ये जे लिहून बाहेर दिलं, ते मात्र परत घेता येत नाही, कारण तोवर त्यावर दुसऱ्यांची घरं उभी राहिलेली असतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. फार पूर्वी दुसऱ्या एका कंपनीत असताना एका स्ट्रक्चरचे सगळे खण हेडरमध्ये उघडे ठेवायला मीच होकार दिला होता. वर्षभरानं मध्येच चार बाइटांचा एक खण वाढवला. नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रामांना जोडली गेली, आणि त्या प्रोग्रामांच्या लेखी खण जुन्याच जागी होते. कित्येक पावत्यांवर भावाच्या जागी वजन छापून आलं. दोष कुणाचा नाही, माझाच. तेव्हापासून स्ट्रक्चर झाकलेलं नसेल तर मी पॅच पुढं सरकू देत नाही.

आजचा वाद नावाचा आहे. एका फंक्शनला ‘लांबी’ असं नाव दिलंय. कशाची लांबी? ‘औसा’ घ्या. बाइट नऊ, चिन्हं तीन, अक्षरं दोन. तिन्ही उत्तरं खरी आणि तिन्ही कुणाला तरी हवीत: मेमरीला नऊ, कीबोर्डला तीन, वाचणाऱ्या माणसाला दोन. मी तीन वेगळी नावं मागितली. एकानं उत्तर दिलं की नावं लांबलचक होतील. होऊ देत. केन थॉम्पसननं युनिक्समध्ये ‘क्रिएट’ या फंक्शनच्या नावातला शेवटचा ‘ई’ गाळला, तो अजून गाळलेलाच आहे.

चार

चहा. तिसरा पॅच, आणि आजच्या दिवसातला सगळ्यात गोड घोटाळा.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव लिहायचे निदान तीन प्रकार आहेत. युनिकोडमधला मराठीचा ऱ वापरला तर ८ चिन्हं, २४ बाइट. र ला नुक्ता देऊन लिहिला तर २७. आणि र, हलन्त, त्यापुढं न दिसणारा जोडक घातला तरी २७. दिसायला तिन्ही एकसारखे. पहिले दोन युनिकोड सारखे मानतं, त्यामुळे नेहमीच्या प्रमाणीकरणानं ते एक होतात. तिसरा होत नाही. मग अडत्यानं यंत्रावर कुऱ्हाडे शोधले की कुऱ्हाडे सापडत नाहीत, आणि एकाच माणसाची दोन खाती निघतात.

पॅचमध्ये यावर झटपट उपाय केलाय: जिथं जिथं तो अदृश्य जोडक दिसेल तिथं तो उडवायचा. चाचण्या पास. पण जोडक उडाला की ‘ऱ्य’चा रफार होतो. म्हणजे त्या पद्धतीनं टाइप केलेल्या आचाऱ्यांना एका ओळीत आचार्यपद! मी यावर लांब शेरा लिहिला, कारण हे बाहेरच्या कुणाच्या लक्षात येणार नाही. जोडक उडवायचा नाही. ‘र, हलन्त, जोडक’ या तिकडीच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं. आणि हे तुलनेच्या फंक्शनात गुपचूप करायचं नाही, त्याचं वेगळं फंक्शन हवं, नावासकट. मजकूर आपल्या हाताखाली बदलतोय हे वापरणाऱ्याला माहीत असलं पाहिजे.

साडेपाच

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. चाचण्यांच्या यादीत गावांची नावं मीच घातलीत, त्यात ‘किल्लारी’ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या तालुक्यातलं हे नाव सगळ्या देशाला कळलं. यादीत ते आहे ‘ल्ल’साठी. सप्टेंबर २०२३ च्या आधीचा युनिकोडचा नियम पाळला तर त्याचे चार तुकडे पडतात: कि, ल्, ला, री. १५.१ या आवृत्तीत जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, त्यानुसार तीनच: कि, ल्ला, री. शाळेतलं पोरगंही तीनच सांगेल. तेव्हा नवा नियम घ्यायचा यात शंका नाही. पण तोच प्रोग्राम, तेच फंक्शन, काल चार म्हणायचं आणि उद्यापासून तीन म्हणणार. याला दुरुस्ती म्हणायचं की शब्द फिरवणं? चार धरून रकाने आखलेली यंत्रं बाजारात आहेत. मी म्हणालो, मोठा आवृत्ती क्रमांक वाढवा आणि बदल पहिल्याच ओळीत जाहीर करा. पुण्याचं म्हणणं, एवढ्यासाठी कशाला. सोमवारी बोलू.

सात

दोन पॅच परत, एक मंजूर. मंजूर झाला तो निलंग्याचा, ‘अनसाइन्ड’सह आणि अक्षराच्या सीमेवर कापणारा. तिनं खाली लिहिलंय, “सर, येळवशीला मी पण गावाकडं.” लॅपटॉप मिटला. खाली उंडे वळायला माणूस कमी पडतंय.

वाचणाऱ्यांना एक विनंती. अडतीवर, दवाखान्यात किंवा तिकिटावर तुमचं नाव अर्धवट तुटून, चौकोन होऊन किंवा रफार चढून छापून आलं, तर कागद फेकू नका. त्याचा फोटो काढा आणि ज्यानं यंत्र बसवलं त्याला पाठवा. आमच्या चाचण्यांच्या यादीतली निम्मी नावं अशाच पट्ट्यांवरून आलीत.