हॉकी संघातील रिक्त जागा आणि राखीव फळी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 8 ऑगस्ट 2024 रोजी भारतीय पुरुष हॉकी संघाने स्पेनवर 2-1 अशी मात करून कांस्यपदक मिळविले आणि त्याच सामन्यानंतर गोलरक्षक पी. आर. श्रीजेश निवृत्त झाले. हॉकी इंडियाने वरिष्ठ संघातील त्यांचा 16 क्रमांकही सन्मानाने निवृत्त केला. परंतु गोलरक्षकाची जागा रिकामी ठेवता येत नाही. ती कोण व कशी भरणार, हा प्रश्न तेव्हापासून निवडकर्त्यांपुढे उभा राहिला.

ऑलिंपिकच्या मुख्य चमूत सोळाच खेळाडूंना स्थान असते. साहजिकच पॅरिसला त्यात श्रीजेश हे एकमेव गोलरक्षक होते. कृष्ण बहादुर पाठक राखीव होते. पुढच्याच महिन्यात चीनमधील हुलुनबुईर येथे झालेल्या आशियाई चँपियन्स करंडक स्पर्धेत पाठक आणि मुंबईचे सूरज करकेरा यांनी गोल सांभाळला. अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल केला तो जुगराज सिंग यांनी. तेही पॅरिसला राखीवच होते. स्वतः श्रीजेश यांनीही 2006 मध्ये वरिष्ठ संघात पदार्पण केल्यावर मुंबईचे एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री यांच्यामागे कित्येक वर्षे वाट पाहिली होती. गोलरक्षक असा सावकाशच तयार होतो.

इतर जागांसाठी मुख्य भांडार म्हणजे 21 वर्षांखालील कनिष्ठ संघ. 2016 मध्ये लखनौ येथे या संघाने बेल्जियमला 2-1 असे हरवून विश्वचषक जिंकला. त्यातील हरमनप्रीत सिंग, सुमित, वरुण कुमार, नीलकांत शर्मा, गुरजंत सिंग व सिमरनजीत सिंग हे पाच वर्षांनी टोकियोच्या पदकविजेत्या संघात दिसले. सिमरनजीत तर मूळ सोळांत नव्हते. महामारीमुळे नियम शिथिल झाला, राखीव खेळाडूंना सामन्यागणिक संधी मिळू शकली, आणि जर्मनीविरुद्ध 5-4 अशा विजयात त्यांनी दोन गोल केले. मात्र लखनौचे कर्णधार हरजीत सिंग टोकियोला नव्हते. कनिष्ठ गटातील यश ही वरिष्ठ संघातील जागेची हमी नव्हे, हे पालकांनी आणि शिक्षकांनीही ध्यानी घेतलेले बरे.

काही जागा ऐनवेळी रिकाम्या होतात. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले. ते बचावपटू, शिवाय पेनल्टी कॉर्नरच्या वेळी प्रतिपक्षाच्या फटक्यावर सर्वप्रथम धावून जाणारे. एका सामन्याच्या बंदीमुळे उपांत्य फेरीत संघाला पंधरा खेळाडूंनिशी उतरावे लागले आणि जर्मनीने 3-2 असा विजय मिळविला. पेनल्टी कॉर्नर घेण्याचे कामही असेच थोड्यांवर विसंबलेले आहे. पॅरिसला एकट्या हरमनप्रीत यांचे 10 गोल होते. त्यांच्या तोडीचा ड्रॅग फ्लिकर घडविणे हे गोलरक्षक शोधण्याहून सोपे नाही.

निवृत्तीनंतर श्रीजेश कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक झाले. त्या संघाने डिसेंबर 2024 मध्ये मस्कत येथे पाकिस्तानला 5-3 असे नमवून आशिया चषक जिंकला आणि डिसेंबर 2025 मध्ये चेन्नई येथे विश्वचषकात कांस्यपदक पटकाविले. दरम्यान, सप्टेंबर 2025 मध्ये राजगीर येथे वरिष्ठ संघाने आशिया चषक जिंकून 2026 च्या विश्वचषकाची पात्रता मिळविली, तेव्हा गोलरक्षक म्हणून पाठक व करकेरा हेच संघात होते.