खेळांतील वाट आंखणारा कलावंत

चित्रकलेचें शिक्षण घेणारा एखादा तरुण घरीं म्हणूं लागला, कीं मला व्हिडिओ गेमच्या 'लेव्हल' रचण्याचा व्यवसाय करावयाचा आहे, तर वडील मंडळींच्या मनांत दोन शंका एकदम उभ्या राहतात. हा व्यवसाय कीं पोरखेळ, ही पहिली. आणि चित्रें काढतां येणें एवढ्या भांडवलावर तो साधेल काय, ही दुसरी. पहिलीला फार वेळ देण्याचें कारण नाहीं. जपान, अमेरिका, युरोप येथें या कामावर सहस्रावधि कुटुंबें चाललीं आहेत, आणि आपल्या पुण्यांत तयार झालेला 'राजी' हा खेळ २०२० सालीं जगाच्या बाजारांत गेला. दुसरी शंका मात्र विचार करण्याजोगी आहे. आज तिच्याविषयींच बोलावयाचें योजिलें आहे.

लेव्हल म्हणजे खेळांतील एक टप्पा; खेळणारा ज्या जागेंतून वाट काढतो ती सारी जागा. भिंत कोठें, खड्डा कोठें, शत्रु कोणत्या वळणावर भेटावयाचा, हें ठरविणारा तो लेव्हल डिझायनर. त्या भिंतीला दगडाचा पोत देणारा, तिच्यावर शेवाळ चढविणारा, तो एन्व्हायरन्मेंट आर्टिस्ट. लहान मंडळींत दोन्ही कामें एकच माणूस करतो. मोठ्या कंपन्यांत तीं वेगळीं असतात. वाडा बांधतांना चौक कोठें व जिना कोठें हें योजणारा निराळा, आणि खांबावर वेलबुट्टी कोरणारा निराळा, तसेंच हें आहे. कलाशाळेंतील विद्यार्थी येथेंच फसतात. ते वेलबुट्टीचे नमुने घेऊन वाडा योजण्याची नोकरी मागावयास जातात, आणि नकार आला म्हणजे आपली चित्रें वाईट असावीं असें समजून कष्टी होतात.

मग कलेच्या विद्यार्थ्याला हें दुसरें काम साधतच नाहीं कीं काय? तसें मुळींच नाहीं. जपानांतील शिगेरू मियामोतो हे कानाझावा येथील कलाविद्यालयांत औद्योगिक डिझाइन शिकलेले. ते १९७७ सालीं निन्टेन्डो कंपनींत चित्रकार म्हणून शिरले. त्यांचे सहकारी ताकाशी तेझुका हेहि ओसाकाच्या कलाविद्यालयाचे पदवीधर. या दोघांनीं 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळाच्या लेव्हल चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनें आंखल्या. खेळ निघाला १९८५ सालीं.

त्यांतील पहिली लेव्हल कोणाहि शिक्षकानें अभ्यासावी अशी आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या अंगाला उभा, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सारी मोकळी जागा. कोठें जावयाचें हें सांगण्याची आवश्यकताच उरत नाहीं. थोडें पुढें जातांच समोरून एक शत्रु चालत येतो. त्याला स्पर्श झाला तर मरण. परंतु आरंभापासून तेथवर अंतर अवघें चार पावलांचें, म्हणून नुकसान कांहींच नाहीं, आणि उडी मारावयाची हें कळून चुकतें. पुढें एका चौकोनांतून अळंबें बाहेर पडतें. तें नवख्याला शत्रूच वाटावें; परंतु तें घरंगळत जाऊन नळावर आपटतें व परत फिरून मारिओकडेच येतें. वर विटांचें छत असल्यामुळें तें चुकविणें सोपें नाहीं. तें अंगाला लागतें, मारिओ मोठा होतो, आणि अळंबें हितकारक आहे हा धडा पक्का होतो. आणखी पुढें दोन जिने समोरासमोर येतात. मधें भक्कम जमीन. लगेच तसेच दोन जिने पुन्हां, पण या खेपेस मधें खड्डा. अगोदर निर्भयपणें उडी मारूं द्यावयाची, मग तीच उडी धोक्यावरून घ्यावयास लावावयाची. वर्गांत आम्ही बेरीज शिकवून हातच्याकडे वळत असूं, त्याच जातीचा हा क्रम. फरक इतकाच, कीं येथें मास्तर बोलत नाहीं.

नजर कोठें वळते हें जाणणें ही चित्रकाराची विद्या. २०१२ सालच्या 'जर्नी' या खेळांत वाळवंटापलीकडे एक पर्वत दिसतो व त्याच्या शिखरावर प्रकाश असतो. नकाशा दिलेला नसतांहि खेळणारा तिकडेच चालूं लागतो. रंग व उजेड यांचा अभ्यास येथें कामास येतो.

परंतु पुरावा लागतो तो खेळतां येणाऱ्या जागेचा. अमेरिकेंतील डिजिपेन संस्थेच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं २००५ सालीं एक लहानसा खेळ केला होता. भिंतींत दोन दारें पाडून एकांतून शिरावें व दुसऱ्यांतून निघावें एवढीच त्यांतील युक्ति. व्हॉल्व कंपनीनें तो पाहून त्या विद्यार्थ्यांना नोकरीस घेतलें, आणि त्या कल्पनेंतून २००७ सालीं 'पोर्टल' हा विख्यात खेळ निर्माण झाला.

म्हणून विद्यार्थ्यानें प्रथम कागदावर आराखडा काढावा, मग संगणकावर निव्वळ करड्या ठोकळ्यांची जागा उभारावी. नक्षी नको, रंग नको. अनरियल, युनिटी यांसारखीं साधनें शिकाऊ माणसाला प्रारंभीं पैसे न मोजतां मिळतात. दार उघडणें, पूल पडणें एवढ्यापुरतें थोडें प्रोग्रॅमिंगहि शिकावें. नंतर दुसऱ्या कोणाला तरी तो खेळ खेळावयास बसवावें आणि आपण मागें उभें राहून तोंड मिटून पाहावें. हेंच सर्वांत कठिण! माणूस अडखळला कीं जीभ वळवळूं लागते. तो कोठें थबकला, कोठें चुकीच्या दाराकडे गेला, तें टिपून जागा बदलावी व पुन्हां दुसऱ्याला बसवावें. नोकरी मागतांना आराखडा, करडी जागा आणि केलेले बदल, तिन्ही पुढें ठेवावीं. एक लहान पुरी लेव्हल दहा अर्धवट महालांहून बरी.

पालकांपासून एक गोष्ट लपवूं नये. २०२३ व २०२४ या दोन वर्षांत जगांतील खेळ-कंपन्यांनीं हजारों माणसें कमी केलीं. अनुभवी माणसेंहि त्यांत गेलीं. त्यामुळें पदवी अर्ध्यावर सोडून या मार्गास लागणें मला पसंत नाहीं. कलाशिक्षण पुरें करावें आणि त्याच काळांत ठोकळ्यांचा सराव ठेवावा. अनरियलवर बसलेला हात अन्यत्रहि चालतो. न बांधलेली इमारत गिऱ्हाइकाला आंतून फिरवून दाखविण्यासाठीं वास्तुशिल्पज्ञ तें वापरतात, आणि २०१९ सालच्या 'द मँडलोरियन' या मालिकेंत नटांच्या पाठीमागचे देखावे प्रचंड पडद्यांवर त्याच्याच साह्यानें उभे केले होते.