कृत्रिम पायाचा कस जिन्यावर

दवाखान्याच्या सपाट फरशीवर रुग्ण चार पावलं नीट टाकतो आणि घरचे निश्चिंत होतात. खरा कस जिन्यावर लागतो, त्यातही उतरताना. पाय गुडघ्याच्या वरून कापलेला असेल, तर साधा कृत्रिम गुडघा भार पेलत हळूहळू वाकत नाही, एकदम दुमडतो. म्हणून शिकवतात: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम. उतारावर अडचण घोट्याची. तो कडक असला की गुडघा पुढे ढकलला जातो.

तज्ज्ञांकडे याला गुणपद्धत आहे. जिन्याला ० ते १३, उताराला ० ते ११. किती सेकंद लागले याला इथे महत्त्व नाही. कठडा धरला का, काठी घेतली का, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवले की एकच, हे बघतात. आधाराशिवाय, पायरीला एकच पाऊल टाकत गेला तर पूर्ण १३. (आम्हा शिक्षकांना हे पटावं, पेपर कोणी आधी दिला याचे गुण आम्हीही देत नाही.)

जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला रबरी ‘जयपूर फूट’ घोट्याशी वळतो, त्यामुळे खडबडीत वाटेवर चालता येतं, मांडीही घालता येते. तरी कुठलाही पाय घरी आणण्याआधी जिन्यावर आणि उतारावर चालवून दाखवायला सांगा. घरच्या किंवा मशिदीच्या जिन्याला कठडा कोणत्या बाजूला आहे, तेही तिथेच सांगा.